वार्धक्यातील नैराश्यावर उपचार शक्य
छत्तीसगडमधील भिलाई पोलाद कारखान्याची पहिली झोतभट्टी १९५९ साली सुरू झाली आणि कामाच्या पाळ्यांवर चालणारे शहर आकारास आले. अशा शहरात साठाव्या वर्षी निवृत्ती येताच दिनक्रम आणि सहकाऱ्यांचा सहवास एकदम सुटतो. त्यातून नैराश्य उद्भवू शकते. वृद्धांमध्ये ते बहुधा निद्रानाश, मंदावलेली भूक, अंगदुखी वा विस्मरण या रूपांत प्रकटते आणि ‘वयाचे दुखणे’ म्हणून दुर्लक्षिले जाते. २०१७-१८ मधील देशव्यापी ‘लासी’ सर्वेक्षणात साठीपुढील ८.३ टक्के ज्येष्ठांमध्ये नैराश्याची शक्यता आढळली. निदान झालेले मात्र ०.८ टक्केच होते. औषधोपचार व समुपदेशनाने हा आजार बरा होऊ शकतो. लक्षणे दोन आठवडे टिकल्यास डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. ‘टेली-मानस’चा १४४१६ हा निःशुल्क दूरध्वनी क्रमांक चोवीस तास उपलब्ध आहे.