संशय नव्हे, सावधता

बँकेच्या नोकरीत पस्तीस वर्षे माझ्या नजरेला एक सवय जडली होती. धनादेशावरील सहीचे एखादे वळण निराळे दिसले की हात आपोआप थांबे. खातेदार कितीही प्रतिष्ठित असो, खात्री झाल्यावाचून रक्कम दिली जात नसे. निवृत्तीनंतर हीच नजर मी घराच्या उंबरठ्याबाहेर वापरली नाही, याची खंत आजही वाटते.

चार वर्षांपूर्वी आमच्या समोरचे व्यापारी कुटुंब शिखरजीच्या यात्रेला गेले होते. भर दुपारी जिन्यात दोन तरुण भेटले. नीटनेटके कपडे, हातात अवजारांची पेटी. ‘शेठजींनी एसीच्या दुरुस्तीला बोलावले आहे,’ असे म्हणाले. घरात कोणी नाही, हे मला ठाऊक होते. शेठजींचा क्रमांकही माझ्याजवळ होता. तरीही ‘उगाच कशाला चौकशी’ असे म्हणून मी दार लावून घेतले. सायंकाळी कुलूप तुटलेले आढळले. कपाटातील सुनेचे स्त्रीधन गेले होते.

याहून मोठी चूक पुढे घडली. सर्वांच्या तोंडी पहिले नाव आले ते धुणीभांडी करणाऱ्या बाईंचे. स्वतःच्या गाफीलपणाची लाज वाटून मी त्या तरुणांविषयी पोलिसांना दुसऱ्या दिवशी सांगितले. तोवर बाईंची चौकशी होऊन गेली होती. त्या निर्दोष ठरल्या. पण पुन्हा आमच्या इमारतीची पायरी चढल्या नाहीत.

संशय घ्यायचा तो वर्तनाचा. वेशाचा, जातीचा वा गरिबीचा नव्हे. हा विवेक सुटला म्हणजे काय होते, हे १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे दिसले. मुले पळविणारी टोळी आल्याच्या अफवेवरून नाथपंथी डवरी गोसावी समाजातील पाच भिक्षेकऱ्यांचा जमावाने जीव घेतला. म्हणून मोबाईलवर आलेला असा संदेश पुढे पाठवू नये आणि कोणावर हात तर मुळीच उगारू नये. ११२ या क्रमांकावर कळवावे. वेळ, वर्णन आणि वाहनाचा क्रमांक टिपून ठेवावा. पुढचे काम पोलिसांचे.

आपल्या व्यापारी घरांनी काही पथ्ये अवश्य पाळावीत. गावाला जाताना शेजाऱ्यांना व पोलीस ठाण्याला कळवावे. प्रवासाची छायाचित्रे परतल्यावरच सर्वांना दाखवावीत. दुकानाची रोकड रोज एकाच वेळी, एकाच वाटेने नेऊ नये. ‘पुढे खून झाला आहे, दागिने काढून रुमालात बांधा,’ असे सांगणारा पोलीस तोतया समजावा. भाडेकरूची माहिती पोलिसांना द्यावी. दागिने लॉकरमध्ये ठेवावेत. रिझर्व्ह बँकेच्या १ जानेवारी २०२२ पासूनच्या नियमांनुसार चोरी, आग किंवा कर्मचाऱ्याची अफरातफर झाल्यास वार्षिक भाड्याच्या १०० पटींपर्यंत बँकेवर जबाबदारी येते. घरातल्या कपाटाला असा जामीन कोणी नसतो.

हल्ली जिन्यात अनोळखी व्यक्ती दिसली की मी नम्रपणे विचारतो, ‘कोणाकडे आलात?’ आणि त्या घरी फोन करतो. प्रामाणिक माणूस रागावत नाही. त्या दुपारी मी एवढेच केले असते, तर एका घरचे स्त्रीधन वाचले असते आणि एका कष्टकरी बाईंची अब्रूही.