जुनें चित्र, नवा पडदा

घरांत मोठा, सपाट, लख्ख पडदा येतो आणि पहिल्याच सुटीच्या दिवशीं कपाटांतील जुन्या तबकड्या बाहेर निघतात. एखाद्या विवाहसमारंभाची डीव्हीडी, एखाद्या नाटकाची व्हीसीडी, कधीं काळीं फितीवर मुद्रित करून ठेवलेला दूरदर्शनचा कार्यक्रम, हें सारें फुगीर कांचेच्या जुन्या संचावर नीटनेटकें दिसत असे. नव्या पडद्यावर तेंच पुसट, मळकट आणि कडांना दांते पडलेलें दिसूं लागतें. मंडळींचा समज असा होतो कीं, तबकडी खराब झाली. वस्तुतः तबकडी होती तशीच आहे. बदलला आहे तो पडदा.

हा बदल केवढा आहे हें साध्या गुणाकारानें कळतें. भारतांत दूरदर्शननें जी पद्धति स्वीकारली तिच्यांत चित्राच्या ६२५ ओळी असतात व त्यांपैकीं ५७६ ओळींत प्रत्यक्ष चित्र असतें. या पद्धतीच्या डीव्हीडीवर प्रत्येक ओळींत ७२० बिंदू, म्हणजे एका चित्रांत ४,१४,७२० बिंदू झाले. हाय डेफिनिशन पडद्यावर १९२० गुणिले १०८०, म्हणजे २०,७३,६०० बिंदू असतात. एकास पांच हें प्रमाण तंतोतंत जमतें. पडदा पांच बिंदू मागतो तेव्हां तबकडीपाशीं एकच असतो. उरलेले चार कोणी तरी भरावे लागतात. ४के पडद्यावर हेंच प्रमाण एकास वीस होतें. व्हीसीडीवर तर ३५२ गुणिले २८८ एवढेच बिंदू असतात. तिची अवस्था काय होत असेल हें सांगावयास नकोच.

हे बिंदू भरण्याचें काम पडद्यांतील एक लहानशी चकती करतेच. परंतु तिची शक्ति बेताची आणि तिच्या कामांत मालकाला ढवळाढवळ करतां येत नाहीं. म्हणून हौशी मंडळी पडद्याला एक संगणक जोडतात. अशा होम थिएटरच्या संगणकांत चांगलें ग्राफिक्स कार्ड असलें कीं तें काम त्याच्याकडे सोंपवितां येतें, आणि तें कसें करावें हेंहि ठरवितां येतें.

तथापि चित्र मोठें करण्यापूर्वीं एक गांठ सोडवावी लागते आणि बहुतेकांचें घोडें तेथेंच अडतें. जुन्या पद्धतींत पूर्ण चित्र एकदम कधींच पाठविलें जात नाहीं. सेकंदाच्या एका पन्नासाव्या भागांत एकाआड एक अशा २८८ ओळी टिपल्या जातात आणि पुढच्या पन्नासाव्या भागांत त्यांच्या मधल्या २८८. जुन्या संचाची कांच याच क्रमानें उजळत असे, त्यामुळें डोळ्याला ही गुंफण जाणवत नसे. नवा पडदा मात्र सर्व ओळी एकत्र दाखवितो. दोन अर्धीं चित्रें जशींच्या तशीं विणलीं तर मधल्या क्षणांत हललेला हात दोन जागीं दिसतो आणि त्याच्या कडेला फणीसारखे दांते उमटतात. वधूवर अंतरपाटाच्या दोहों बाजूंस स्तब्ध उभीं असतात तोंवर सर्व ठीक. अक्षता उधळल्या कीं घोटाळा सुरू होतो.

यावर सोपा उपाय म्हणजे एक अर्ध टाकून देऊन दुसरें ताणणें. फणी जाते खरी, पण तिच्याबरोबर निम्मा तपशीलहि जातो. चांगला प्रोग्रॅम असें करीत नाहीं. चित्राचा जो भाग स्थिर आहे तेथें तो दोन्ही अर्धें विणतो. जो हलता आहे तेथें मागच्यापुढच्या चित्रांत हालचालीचा माग काढून ओळी भरतो. ‘यॅडिफ’ ही हलकी पद्धत चित्र पाहतां पाहतां चालते; ‘क्यूटीजीएमसी’ ही फार संथ, पण तिची सफाई वेगळीच. या कामाचें महत्त्व असें कीं, स्थिर भागांत येथें मिळणारा तपशील कल्पित नसतो. तो फितीवर होता. दोन अर्धांत विखुरला होता, एवढेंच. हा टप्पा वगळून जो आधीं चित्र मोठें करून सांठवून ठेवतो, तो फणीचे दांतेहि मोठे करून कायमचे त्यांत कोरून ठेवतो.

चित्रपटांच्या डीव्हीडीची गोष्ट निराळी आहे. चित्रपट सेकंदाला २४ चित्रांनीं घेतलेला असतो व तो या पद्धतींत बहुधा २५ नें चालवितात. दोन्ही अर्धें एकाच क्षणाचीं असल्यामुळें नुसतें विणणें पुरतें. मात्र दीडशें मिनिटांचा चित्रपट त्यामुळें १४४ मिनिटांतच संपतो!

आतां प्रत्यक्ष वाढविणें. ५७६ ओळींच्या १०८० करावयाच्या म्हणजे दर आठ ओळींच्या जागीं पंधरा आणावयाच्या. जुन्या ओळी नव्या ओळींवर क्वचितच नेमक्या बसतात. बहुतेक नव्या बिंदूंची किंमत शेजाऱ्यांवरून काढावी लागते. दोन शेजाऱ्यांची सरळ सरासरी घेतली तर चित्र मऊ पडतें. अधिक शेजाऱ्यांना कमीअधिक वजन देऊन मेळ घातला तर कडा ठसठशीत राहतात. या दुसऱ्या प्रकारांतील प्रसिद्ध रीत हंगेरींत जन्मलेले गणिती कॉर्नेलियस लांचोस यांच्या नांवानें ओळखली जाते. १९७९ सालीं तिच्यावर लिहिलेला एक महत्त्वाचा निबंध हवामानशास्त्राच्या नियतकालिकांत आला होता, हें कित्येकांस नवल वाटेल. तिचा दोष असा कीं, काळ्या केसांच्या कडेला फिकट वलय उमटतें. ‘मॅडव्हीआर’ व ‘एमपीव्ही’ हे प्रोग्रॅम अशा अनेक रीती देतात आणि वलय दाबण्याचीहि सोय ठेवतात.

कांहीं किरकोळ दिसणाऱ्या गोष्टी चित्र बिघडवितात. संगणक सहसा पडद्याला सेकंदाला ६० चित्रें देतो. फितीवर ५० असतात. मग दर पांचांतील एक दुप्पट वेळ दाखवावें लागतें आणि चालणारा माणूस अडखळत चालतो. पडद्याची गति ५० वर आणली कीं हा अडखळा जातो. रंगांचें गणितहि जुन्या व नव्या पद्धतींत वेगळें आहे. चुकीचें लावलें तर चेहऱ्यांची छटा पालटते. पडद्यावरील ‘शार्पनेस’ कमी ठेवावा. आणि जुनें चित्र चारास तीन या प्रमाणाचें असल्यानें पडद्याच्या दोन्ही कडांस काळे पट्टे राहणारच. जागा वाया जाते म्हणून चित्र आडवें ताणणें म्हणजे घरांतील सर्व माणसें ठेंगणीं व लठ्ठ करून घेणें होय.

अलीकडे याहून धीट साधनें आलीं आहेत. २०१४ पासून मज्जाजालाच्या नमुन्यावर रचलेल्या प्रणालींना असंख्य चित्रांच्या जोड्या दाखवून लहानाचें मोठें करावयास शिकविलें जाऊं लागलें. त्या शेजारच्या बिंदूंची सरासरी काढीत बसत नाहींत. अशा ठिकाणीं सहसा काय असतें हें त्यांना ठाऊक असतें व तेंच त्या भरतात. २०२३ पासून कांहीं ग्राफिक्स कार्डांत हें काम चित्र चालू असतांनाच होऊं लागलें आहे. विटांची भिंत, झाडाचीं पानें, छापील अक्षरें यांवर परिणाम खरोखर सुंदर होतो.

चेहऱ्याचें तसें नाहीं. २०२० सालीं अमेरिकेंतील ड्यूक विद्यापीठांतील संशोधकांच्या ‘पल्स’ नामक प्रणालीपुढें बराक ओबामा यांचें अत्यंत धूसर केलेलें चित्र ठेवण्यांत आलें, तेव्हां तिनें एक स्वच्छ, रेखीव, गोरा पुरुष काढून दाखविला. पुन्हा लहान केल्यास तो मूळ धूसर चित्राशीं जुळत होता. माणूस मात्र दुसराच होता. ते चित्र फारच थोड्या बिंदूंचें होतें हें खरें. पण जुन्या व्हीएचएस फितीवर आडव्या दिशेनें सुमारें २४० रेषांइतकाच तपशील मावतो, आणि मांडवांत मागच्या रांगेंत बसलेल्या आजीच्या वांट्याला त्यांतले किती येणार? तिच्या कपाळावरील गोंदण व गालावरील सुरकुत्या फितीवर नसतील, तर यंत्र कोणा तरी सरासरी वृद्धेच्या सुरकुत्या तेथें बसवील. ज्यांनीं तिला पाहिलें आहे त्यांना हें तत्काळ खटकेल. ज्या नातवंडांनीं पाहिलें नाहीं, त्यांची आजी मात्र तीच होऊन बसेल.

म्हणून फितीवरून संगणकांत घेतलेली मूळ प्रत कोणताहि संस्कार न करतां, विणलेल्या ओळींसह, तशीच जपून ठेवावी, व वाढविण्याचें काम पाहण्याच्या वेळीं संगणकाकडून करून घ्यावें. पुढें अधिक चांगली रीत निघाली तर ती याच प्रतीवर लावतां येते. फिती मात्र दरवर्षीं थोड्या थोड्या विरत असतात आणि व्हीसीआरचें उत्पादन २०१६ सालींच थांबलें. चालू स्थितींतील यंत्र जोंवर कोठें तरी मिळतें आहे तोंवरच ही मूळ प्रत काढून घेतां येईल.