सरवा वेचणाऱ्या तिघी

पीक कापून नेल्यानंतर शेतात सांडलेले धान्य वेचण्याला मराठीत ‘सरवा वेचणे’ म्हणतात. फ्रान्समध्येही ही प्रथा शतकानुशतके चालत आली होती. कापणी उरकली की गावातील गरिबांना, मुख्यत्वे स्त्रिया व मुलांना, सूर्यास्तापूर्वी उरलेसुरले धान्य गोळा करण्याची मुभा असे. झाँ-फ्रान्स्वा मिले या चित्रकाराने १८५७ मध्ये हाच विषय रंगविला आणि पॅरिसचे कलाजगत अस्वस्थ झाले.

मिले (१८१४-१८७५) हा नॉर्मंडीतील शेतकऱ्याचा मुलगा. १८४९ पासून तो पॅरिसजवळच्या बार्बिझाँ या खेड्यात राहत होता. त्याच्या या चित्रात पुढे तीन स्त्रिया आहेत. निळ्या फडक्याने डोके झाकलेली एक वाकली आहे, लाल फडकेवाली ओंब्या उचलते आहे, तर तिसरी अर्धवट वाकून हातातली जुडी नीट करते आहे. वाकणे, उचलणे, पुन्हा उठणे असे दिवसभराचे श्रम मिलेने तिघींत वाटून दाखविले आहेत. क्षितिजरेषा उंच ठेवल्याने त्या जणू जमिनीशीच बांधल्या गेल्या आहेत. दूरवर सोनेरी उन्हात गंजी, भरलेली गाडी, मजुरांची लगबग आणि घोड्यावरचा मुकादम दिसतो. समृद्धी तिकडे, तिच्यातून गळलेले चार दाणे इकडे. चित्राचा सारा अर्थ या अंतरात आहे.

१८५७ च्या ‘सलों’ या अधिकृत प्रदर्शनात हे चित्र मांडले गेले, तेव्हा १८४८ च्या क्रांतीची आठवण ताजी होती. देवदेवता व वीरपुरुषांना मिळणारी भव्यता मजूर स्त्रियांना दिलेली अनेक समीक्षकांना रुचली नाही. पॉल द सँ-व्हिक्टर या समीक्षकाने त्यांची दारिद्र्याच्या नियतीदेवता म्हणून संभावना केली. काहींना तर या वाकलेल्या पाठींमागे बंडाची चाहूल लागली. वास्तविक चित्रात कोणीही मूठ उगारलेली नाही. तिघींचे चेहरेही जेमतेम दिसतात. मिलेने दाखविले ते फक्त काम, आणि तेच बोचले.

चित्र त्या वेळी अवघ्या ३,००० फ्रँकला विकले गेले. मिलेच्या मृत्यूनंतर, १८८९ मध्ये त्याची किंमत ३,००,००० फ्रँकवर पोहोचली. शॅम्पेन व्यवसायातील मादाम पोमरी यांनी ते घेऊन फ्रेंच राष्ट्राला अर्पण केले. आज ते पॅरिसच्या ओर्से संग्रहालयात आहे.