चहा उकळतो, मग माणूस का नाही?

परवा चहाचं आधण खळखळा उकळत होतं आणि माझ्या भाचीने त्यात स्वयंपाकघरातला तापमापक बुडवला. "मावशी, हा बिघडलाय! 97 च दाखवतोय!"

बिघडला नव्हता बरं का. आपलं बेंगळुरू समुद्रसपाटीपासून 900 मीटरहून उंचावर. इथे हवेचा दाब कमी, म्हणून पाणी 100 अंशांची वाट न बघताच उकळतं. मुंबईच्या आत्याकडे मात्र 100 लागतात.

मी तिला म्हटलं, "फिनलंडमध्ये इतक्याच गरम खोलीत माणसं हौसेने जाऊन बसतात. मीही बसून आले."

तिने चहाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "मग तू शिजली कशी नाहीस?"

केवढा सुंदर प्रश्न!

त्या खोलीचं नाव सौना. फिनलंडची लोकसंख्या साधारण 55 लाख आणि तिथे सौना आहेत 30 लाखांच्या आसपास. घरात, तळ्याकाठी, अगदी त्यांच्या संसदेतही! शिवाय गावाचे सार्वजनिक सौना. मी गेले होते ताम्पेरे शहरातल्या रायापोर्त्तीत. तो 1906 सालापासून चालू आहे. बायकांचा भाग वेगळा, पुरुषांचा वेगळा. आधी स्वच्छ आंघोळ करायची, मग बसायला पंचा घेऊन आत. कानातली आणि बांगड्या मी बाहेरच काढून ठेवल्या. का, ते पुढे कळेलच.

आत अंधूक उजेड, लाकडाचा वास आणि पायऱ्यापायऱ्यांची लाकडी बाकं. जितकं वर बसाल तितकं गरम, कारण गरम हवा वर चढते. सौनात 80 ते 100 अंश तापमान असतं. एवढ्या गरम पाण्यात बोट घातलं तर लगेच फोड येईल. हवेत मात्र मी आरामात बसले होते.

याचं एक कारण हवेच्या वजनात आहे. एक लिटर पाणी भरतं एक किलो, आणि एक लिटर हवा जेमतेम एक ग्रॅम! इतक्या विरळ हवेत उष्णता ती किती मावणार, आणि अंगापर्यंत ती पोचवायलाही हवा फार आळशी. नानकटाईसाठी ओव्हनचं दार उघडतात ना, तेव्हा तोंडावर गरम झोत येतो पण भाजत नाही. आतल्या ट्रेला हात लागला की मात्र चटका बसतो. धातू उष्णता भराभर देऊन टाकतो. म्हणून बाकं लाकडाची, आणि म्हणून बांगड्या बाहेर.

दुसरं कारण आपल्या अंगातच आहे, ते म्हणजे घाम. पाण्याची वाफ व्हायला प्रचंड उष्णता लागते. एक ग्रॅम पाणी 0 पासून 100 अंशांपर्यंत तापवायला 100 कॅलरी लागतात, पण त्या उकळत्या पाण्याची वाफ करायला आणखी 540! घाम वाळताना एवढी मोठी उष्णता कातडीवरून उचलून नेतो.

इंग्लंडमध्ये चार्ल्स ब्लॅगडेन नावाच्या डॉक्टरांनी 1775 मध्ये याबद्दल लिहून ठेवलंय. ते आणि त्यांचे मित्र पाण्याच्या उकळबिंदूहूनही गरम, कोरड्या खोलीत शिरले. बरोबर एक कुत्राही होता, टोपलीत बसवलेला, कारण तापलेल्या जमिनीवर त्याचे पंजे भाजले असते. आत ठेवलेली अंडी वीस मिनिटांत कडक शिजली. माणसं आणि कुत्रा मात्र धडधाकट बाहेर आले! तापमापकावर फुंकर मारली की पारा खाली उतरायचा, कारण त्या खोलीत माणसाचा श्वाससुद्धा गार होता.

आता खरी जादू सांगते. एका आजींनी तापलेल्या दगडांवर पाणी ओतलं. फस्स! डोळ्यांना काहीच दिसलं नाही. दोन क्षण गेले आणि कानांवर, खांद्यांवर गरमागरम लाट कोसळली. या वाफेला फिनिश लोक 'लोयल्यू' म्हणतात. भिंतीवरच्या तापमापकाचा काटा जागचा फारसा हललाही नव्हता! मग ही आग आली कुठून?

थंडगार सरबताचा पेला टेबलावर ठेवला की त्याला बाहेरून थेंब येतात ना? हवेतली वाफ गार पेल्यावर पाणी होऊन बसते. सौनात सगळ्यात गार वस्तू कोण? आपण! आपणच तो पेला. वाफ आपल्या अंगावर येऊन पाणी होते आणि वाफ होताना घेतलेली सगळी उष्णता आपल्याला परत करते. त्यात हवा दमट झाल्याने घाम वाळेनासा होतो. मुंबईच्या आत्याची हीच तर तक्रार असते!

माझ्या पाठीवरून ओघळत होतं, त्यातलं किती माझ्या घामाचं आणि किती आजींनी ओतलेलं, कोण जाणे.

नाताळच्या आदल्या दिवशी फिनलंडमध्ये घरचे सगळे सौना घेतात, आपल्या दिवाळीतल्या अभ्यंगस्नानासारखं. पूर्वी तर तिथली बाळंसुद्धा सौनात जन्मायची. थंडीच्या देशात तीच सगळ्यात उबदार आणि स्वच्छ जागा. शेकशेगडीच्या बाळंतिणीच्या खोलीची मला फार आठवण झाली.

दहा मिनिटांनी आजींनी मला खुणेने अंगणात नेलं. बाहेर कडाक्याची थंडी. पंचा गुंडाळून सगळ्या निवांत बसल्या होत्या. मी हात पुढे केला, तर कोपरापासून बोटांपर्यंत पांढऱ्या वाफा निघत होत्या, इडलीपात्राचं झाकण काढल्यावर निघतात ना, अगदी तशाच.

"म्हणजे थोडीशी शिजली होतीस!" भाची म्हणाली आणि तिने चहाखालचा गॅस बंद केला.