मोकळा डावा हात

नांदेडच्या सचखंड गुरुद्वाऱ्यात शबद गाणाऱ्या रागींचे हात पाहावेत. पेटीवर गाणाऱ्याचा डावा हात भात्यात गुंतलेला असतो, पट्ट्यांना उरतो तो उजवा. पियानोला भाता नसतो. जॅझमधल्या एकट्या पियानोवाल्याचं सगळं बळ या मोकळ्या झालेल्या डाव्या हातात आहे.

मुंबईनं हे बळ जवळून पाहिलं ते टेडी वेदरफोर्डमुळे. हा कृष्णवर्णीय कलावंत 1903 साली अमेरिकेत, व्हर्जिनियातल्या पोकाहॉन्टास या कोळसाखाणींच्या गावी जन्मला. पियानो शिकला न्यू ऑर्लिन्समध्ये. पुढे शिकागोच्या वेंडोम थिएटरात मूकपटांना साथ करणाऱ्या वाद्यवृंदात पियानोवर तो आणि ट्रम्पेटवर लुई आर्मस्ट्राँग, अशी जोडी होती. असं नाव होत असतानाच, 1926 मध्ये, टेडीनं आशियाची वाट धरली. शांघाय गाजवून तो मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात आला, क्रिकेट स्मिथच्या बँडमध्ये. नंतर त्या बँडचं नेतृत्वही त्याच्याकडे आलं.

तेव्हा नांदेड-लातूर निजामाच्या राज्यात होतं. ताजच्या नाचघरातले सूर इथवर कुठून पोचणार!

पियानो एकट्यानं वाजवताना डावा हात पार खालच्या खर्जावर एक ठोका देतो, लगेच झेप घेऊन मधल्या सप्तकातले तीन-चार स्वर एकदम दाबतो, पुन्हा खर्जाकडे धावतो. ठेका आणि भरणा दोन्ही तोच सांभाळतो, म्हणून उजवा हात मनासारखा हिंडू शकतो. टेडीनं 1937 मध्ये पॅरिसला केलेल्या एकल ध्वनिमुद्रणांत हे लख्ख ऐकू येतं.

ब्लूजमध्ये एक निराळीच अडचण येते. त्यातली आर्त जागा शुद्ध आणि कोमल गंधाराच्या मधोमध असते. गळ्याला ती सापडते, पट्टीला नाही. पेटीत मींड निघत नाही, हा आपल्याकडचा जुना आक्षेप. आकाशवाणीनं 1940 मध्ये पेटी बंद केली, त्यामागे तोही होता. पियानोवाल्यांनी तोड काढली ती शेजारशेजारच्या दोन पट्ट्या जवळजवळ एकदम दाबण्याची. स्वर वाकत नाही, पण वाकल्याचा भास होतो. हा भास मला फार मोठा शोध वाटतो.

युद्धकाळात टेडी कलकत्त्याच्या ग्रँड हॉटेलात वाजवत होता. तिथेच एप्रिल 1945 मध्ये पटकीनं त्याला गाठलं. वय अवघं 41.

ताजमध्ये त्याच्या बँडमध्ये वाजवणारा गोव्याचा फ्रँक फर्नांड पुढे हिंदी चित्रपटसंगीतात गेला. ताजमध्येच गाजलेला दुसरा गोवेकर ट्रम्पेटवाला चिक चॉकलेट याला पुणतांब्याच्या सी. रामचंद्रांनी साथीला घेतलं. ‘अलबेला’ (1951) पुन्हा पाहाल तेव्हा नीट बघा: चिक आणि त्याचे साथीदार झालरीच्या बाह्यांचे सदरे घालून पडद्यावरच वाजवताना दिसतात.