मनाच्या गोळ्या आणि रक्तातील साखर



सोयाबीनवर चक्रीभुंगा दिसला की आपण लगेच कृषी केंद्र गाठतो. तुरीची पाने पिवळी पडली की फांदी तोडून शेजाऱ्याला दाखवतो. पण घरातला कर्ता माणूस महिना-महिना नीट झोपत नाही, अर्धपोटी ताटावरून उठतो, कुणाशी धड बोलत नाही, ढोरांकडेही पाहत नाही. तेव्हा मात्र ‘टेन्शन आहे, जाईल निघून’ असे म्हणून आपण गप्प बसतो. कोणी शहाण्याने त्याला डॉक्टरकडे नेले आणि गोळ्या सुरू झाल्या, तरी ती चिठ्ठी आपण गादीखाली दडवतो. साखरेच्या डॉक्टरला मनाच्या गोळ्यांचा पत्ता नसतो आणि मनाच्या डॉक्टरला साखरेच्या गोळ्यांचा. ही दडवादडवी कधीकधी जिवावर बेतते. म्हणून आज पिकाऐवजी या विषयावर लिहीत आहे.

मी कृषी विस्तार अधिकारी आहे, डॉक्टर नव्हे. कोणती गोळी घ्यावी हे सांगण्याचा मला अधिकार नाही. परंतु फवारणीच्या पंपात दोन औषधे एकत्र करण्यापूर्वी ‘ही दोन एकमेकांना चालतात का?’ हे विचारावे, असे मी आपल्याला वर्षानुवर्षे सांगत आलो आहे. तोच प्रश्न स्वतःच्या शरीराबद्दलही विचारायला हवा.

हा प्रश्न आपल्या जिल्ह्याचा आहे

१ जुलै १९९८ रोजी अकोला जिल्ह्यातून वाशिम जिल्हा वेगळा झाला. २००६ साली पंतप्रधानांनी शेतकरी आत्महत्यांमुळे विदर्भातील सहा जिल्ह्यांसाठी मदत जाहीर केली, त्यात वाशिम होता. २०१० साली केंद्र सरकारने मधुमेह, रक्तदाब, हृदयविकार व कर्करोग यांच्यासाठी राष्ट्रीय कार्यक्रम सुरू केला. त्याच्या सुरुवातीच्या टप्प्यातील महाराष्ट्राच्या मोजक्या जिल्ह्यांतही वाशिम होता. पुढे २०१५ साली राज्य शासनाने विदर्भ-मराठवाड्यातील १४ जिल्ह्यांत शेतकऱ्यांच्या समुपदेशनासाठी ‘प्रेरणा प्रकल्प’ आणला, त्यातही आपण आहोतच. म्हणजे मनाचा आजार आणि साखरेचा आजार, दोन्ही यादींत आपल्या जिल्ह्याचे नाव आहे. पुष्कळदा हे दोन्ही आजार एकाच घरात, एकाच माणसाच्या अंगात नांदत असतात.

काळजीने साखर वाढते ती कशी?

‘काळजी करू नको, साखर वाढेल’ असे म्हातारी माणसे म्हणतात, ते खोटे नाही. सतराव्या शतकात इंग्लंडमधील थॉमस विलिस या वैद्याने दीर्घकाळच्या दुःखाचा आणि मधुमेहाचा संबंध लिहून ठेवला होता. आज त्यामागची कारणे बरीचशी कळली आहेत.

मनावर सतत ताण असला की शरीरात कॉर्टिसॉल नावाचे संप्रेरक जास्त तयार होते. त्यामुळे यकृत रक्तात जादा साखर सोडते आणि इन्सुलिनचे काम मंदावते. शिवाय उदास माणूस वेळेवर जेवत नाही, चालत नाही, गोळ्या चुकवतो, तंबाखू किंवा दारूकडे वळतो. उलट बाजूनेही तसेच. रोजचे पथ्य, औषधाचा खर्च, पायांची आग याने मधुमेही माणूस खचतो. इतरांच्या मानाने मधुमेही लोकांत नैराश्य जवळजवळ दुप्पट आढळते. तेव्हा मनाचा इलाज करणे हा साखरेच्या इलाजाचाच एक भाग आहे, हे पहिले ध्यानात घ्या.

सगळ्या गोळ्या सारख्या नसतात

नैराश्यावरची पहिली मोठी गोळी इमिप्रामिन. तिचा गुण १९५७ साली स्वित्झर्लंडमधील डॉ. रोलांड कुन यांनी जगापुढे मांडला. अमिट्रिप्टिलिन व नॉरट्रिप्टिलिन या तिच्याच भावकीतल्या. या जुन्या गोळ्या गुणकारी आहेत, पण त्यांनी भूक वाढते, गोड खावेसे वाटते, वजन चढते आणि त्याबरोबर साखरही चढू शकते. १९९७ साली अमेरिकेतील डॉ. पॅट्रिक लस्टमन यांनी मधुमेही रुग्णांना नॉरट्रिप्टिलिन देऊन पाहिली. नैराश्य कमी झाले, पण ही गोळी स्वतः साखर वाढवते असे त्यांना दिसले. अमिट्रिप्टिलिन कमी मात्रेत पायांच्या आगीसाठीही देतात. म्हणून चिठ्ठीवर ते नाव दिसले की ‘मला वेडा ठरवले’ असे समजू नका.

मिर्टाझापिन या गोळीनेही भूक आणि वजन वाढते. ज्याचे जेवणच सुटले आहे त्याला ती उपयोगी पडते, पण लठ्ठ मधुमेही माणसाच्या बाबतीत डॉक्टर विचार करून देतात.

दुसरी भावकी नव्या गोळ्यांची. फ्लुओक्झेटिनला अमेरिकेत १९८७ च्या डिसेंबरात मान्यता मिळाली. तिच्या मागून सर्ट्रालिन, एस्सिटॅलोप्राम आल्या. आज साधारणपणे याच आधी देतात. यांनी साखर सहसा फार वाढत नाही. उलट फ्लुओक्झेटिनने ती काहीशी उतरू शकते. ऐकायला हे बरे वाटते, पण खरी सावधगिरी इथेच हवी. जो माणूस आधीच इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइड, ग्लिबेनक्लामाइड अशा गोळ्या घेतो, त्याची साखर गरजेपेक्षा खाली जाऊ शकते. फ्लुओक्झेटिनमुळे ग्लिमेपिराइडसारखी गोळी शरीरात जास्त वेळ टिकण्याचाही संभव असतो. म्हणजे मात्रा तीच राहते आणि जोर मात्र वाढतो. फक्त मेटफॉर्मिन घेणाऱ्याला हा धोका फारच कमी असतो.

आणखी एक नाव ओळखून ठेवा, ओलान्झापिन. ही नैराश्याची गोळी नव्हे, पण काही वेळा तिच्या जोडीने, एकाच गोळीत मिसळूनही देतात. हिने वजन आणि साखर दोन्ही बरीच वाढू शकतात. चिठ्ठीत ती असेल तर आपल्याला मधुमेह आहे किंवा घराण्यात आहे, हे डॉक्टरांना आठवणीने सांगा.

वर्षानुवर्षे या गोळ्या घेणाऱ्यांत मधुमेह थोडा अधिक दिसतो, असेही काही पाहण्यांत आढळले आहे. पण तो गोळीमुळे, वाढलेल्या वजनामुळे की मूळ नैराश्यामुळे, हे वेगळे काढणे कठीण असते. पीक कमी आले तर बियाणे वाईट होते, पाऊस कमी पडला की खत चुकले, हे एका दमात सांगता येत नाही, तसेच हे.

शेतात घाम फुटला तेव्हा

रिसोड तालुक्यातील एका गावची गोष्ट सांगतो. पन्नाशीचे एक शेतकरी, साखरेची गोळी चालू. दोन वर्षे पीक हातचे गेले आणि माणूस खचला. मुलीने हट्टाने मानसोपचार तज्ज्ञाकडे नेले. गोळी सुरू झाली, पण साखरेचा आजार सांगायचा राहिला. तीन आठवड्यांनी तुरीत डवरा धरताना त्यांना दरदरून घाम फुटला, हात थरथरू लागले, बोलणे असंबद्ध झाले. घरच्यांनी ठरवून टाकले की हा मनाच्या गोळीचाच प्रताप, ती बंद करा. सुदैवाने मुलीने आधी सरबत पाजले आणि दोन्ही चिठ्ठ्या घेऊन दवाखाना गाठला. डॉक्टरांनी मनाची गोळी तशीच ठेवली, साखरेच्या गोळीची मात्रा कमी केली. गृहस्थ सावरले. पुढच्या हंगामात पेरणीची चर्चा करायला ते स्वतः माझ्याकडे आले होते.

साखर ७० मिलिग्रॅमच्या खाली गेली की घाम, थरथर, धडधड, एकदम भूक, चिडचिड, डोळ्यांपुढे अंधारी अशी चिन्हे दिसतात. अशा वेळी तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून पाजा. पंधरा मिनिटांत बरे वाटले नाही तर पुन्हा पाजा. मग काहीतरी खायला द्या आणि त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही घालू नका, १०८ वर फोन करा. उन्हात कामाला जाताना खिशात साखरेची पुडी असावी आणि जेवणाची वेळ चुकवू नये.

आपल्या मनाने गोळी बंद करू नका

मनाच्या गोळीचा गुण यायला दोन ते चार आठवडे लागतात. आठ दिवसांत ‘फरक नाही’ म्हणून सोडणारे पुष्कळ. बरे वाटल्यावरही ती साधारण सहा महिने तरी चालू ठेवावी लागते. एकदम बंद केली तर चक्कर, बेचैनी, निद्रानाश होतो, नैराश्य उलटते. शिवाय फ्लुओक्झेटिन थांबवल्यावर उतरलेली साखर पुन्हा चढू शकते. म्हणून गोळी सुरू करताना, मात्रा बदलताना आणि बंद करताना, तिन्ही वेळा साखर तपासून घ्या. माती परीक्षण केल्याशिवाय खताची मात्रा ठरवू नये म्हणतो ना, तसेच आहे हे.

घरच्यांनी काय करावे?

एक साधी वही करा. तिच्यात चालू असलेल्या सर्व गोळ्यांची नावे, साखरेचे आकडे तारखेसह आणि महिन्याचे वजन लिहा. कोणत्याही दवाखान्यात जाताना ती वही आणि गोळ्यांची पाकिटे सोबत न्या. आयुर्वेदिक चूर्ण, दुखण्याची गोळी, दारू, काहीही लपवू नका.

दुसरी गोष्ट मी माझ्या खात्याचा माणूस म्हणून हात जोडून सांगतो. घरात कोणी उदास असेल तर फवारणीची औषधे घरात ठेवू नका. ती बाहेर कुलपात ठेवावीत आणि किल्ली दुसऱ्याकडे असावी. मनाच्या गोळ्याही आठवडाभर पुरतील एवढ्याच रुग्णाच्या हाती द्याव्यात. ‘जगून काय करायचे’ असे कोणी बोलले तर ते हसण्यावारी नेऊ नका. त्याला एकटे सोडू नका.

तिसरी गोष्ट, लाज सोडा. शेजारच्या अमरावती जिल्ह्यातील ३० गावांत ‘विश्राम’ नावाचा एक उपक्रम झाला. गावातल्याच साध्या माणसांना शिकवून त्यांनी घरोघरी नैराश्याविषयी बोलणे सुरू केले. त्याचे निष्कर्ष २०१७ साली प्रसिद्ध झाले. आधी नैराश्य असलेल्या शंभर जणांत जेमतेम चार जण उपचाराला जात. दीड वर्षात ते प्रमाण सत्तावीसच्या वर गेले. बोलायला कोणी भेटले की माणूस उठून दवाखान्यात जातो, एवढाच त्याचा अर्थ.

आपल्या गावच्या आशाताईंना विचारा, प्राथमिक आरोग्य केंद्रात साखर तपासा, वाशिमच्या जिल्हा रुग्णालयात मनाच्या आजाराविषयी चौकशी करा. घरून निघणे जमत नसेल तर १४४१६ या ‘टेलिमानस’च्या क्रमांकावर फोन करा. २०२२ सालापासून ही सरकारी सेवा रात्रंदिवस, विनामूल्य आणि मराठीतही मिळते.

मनाची गोळी आणि साखरेची गोळी या एकाच बैलजोडीसारख्या आहेत. दोघींचा धुरकरी एक असला, एकीची खबर दुसरीला असली, तर तास सरळ जाते. आज संध्याकाळी जेवणे झाली की घरातल्या सगळ्या चिठ्ठ्या एकदा काढा आणि ती वही लिहायला घ्या.