वर्गातील कुंड्या

शाळेच्या आवारात वृक्षारोपणाचा समारंभ दरवर्षी होतो. परंतु मूल दिवसाचे पाच-सहा तास ज्या चार भिंतींत बसते, तेथेही एखादे हिरवे पान असावे, हे आम्हां शिक्षकांना क्वचितच सुचते. इंदुरातील आमच्या सरकारी शाळेत काही वर्षांपूर्वी आम्ही हा प्रयोग केला. त्याचा पहिला धडा मात्र आम्हांलाच गिरवावा लागला.

रोपवाटिकेत ‘स्नेक प्लांट’ म्हणून मिळणारे, तलवारीसारख्या उभ्या पानांचे रोप आम्ही सहावीच्या वर्गात ठेविले व एका विद्यार्थ्यावर सोपविले. पावसाळ्यात त्याची पाने पिवळी पडून बुडाशी मऊ झाली. हयगयीबद्दल आम्ही त्या मुलास सर्वांदेखत बोललो. मान खाली घालून तो एवढेच म्हणाला, “सर, मैं तो रोज़ पानी देता था.” कुंडी उपडी केली, तो मुळे कुजलेली! चूक हयगयीची नव्हती, मायेची होती. आणि रीत न सांगणाऱ्या आमची होती. दुसऱ्या दिवशी प्रार्थनेनंतर हेही आम्ही सर्वांदेखतच सांगितले.

घरात वाढणारी अशी रोपे उपेक्षेपेक्षा अतिपाण्यानेच अधिक मरतात. म्हणून कुंडीला तळाशी भोक हवे आणि मातीत थोडी वाळू. बोटाची दोन पेरे मातीत खुपसावीत. ओल लागली तर पाणी देऊ नये. स्नेक प्लांटला दोन-तीन आठवड्यांनी एकदा पाणी पुरते, पावसाळ्यात त्याहूनही कमी. कोरफडीला खिडकीतील उजेड द्यावा. मनीप्लांट बाटलीतल्या पाण्यातही वाढतो. मात्र ते पाणी दर आठवड्यास बदलावे, नाहीतर डास होतात. मनीप्लांटचे पान चावल्यास तोंडाची आग होते, स्नेक प्लांटही खाण्याजोगा नव्हे. तेव्हा लहानांच्या वर्गात ही रोपे उंचावर असावीत. उन्हाळ्याच्या सुटीत बाटल्या मुलांच्या घरी पाठवाव्यात.

चार कुंड्यांनी खोलीतील हवा शुद्ध होते, असे सांगितले जाते. तसे प्रयोग बंद पेटीत झालेले आहेत; उघड्या खिडक्यांच्या वर्गात तो लाभ नगण्यच. खरा लाभ निराळा आहे.

त्या रोपाची शाबूत पाने आम्ही वीतभर तुकडे करून, दोन दिवस सुकवून, वरचे टोक वरच ठेवून ओलसर वाळूत खोचली. काही आठवड्यांनी मुळे फुटली. कुंडी पुन्हा त्याच मुलाकडे दिली. एकदा आम्हीच लोटा घेऊन पुढे झालो, तेव्हा त्याने आधी मातीत बोट घातले आणि नम्रपणे म्हणाला, “सर, अभी नहीं.”

आम्ही लोटा खाली ठेविला.